होऊन गेलेल्या आजाराचा हिशेब

रक्त तपासून ‘तुम्हाला हे होऊन गेलंय’ असं लोकांना सांगायचं काम मी नोकरीभर केलं. राहायला छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावात, नोकरी शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आधी रिक्षाने आणि पुढे स्कूटीवर छावणीतून जायचं, अंगावर एप्रन चढवायचा आणि ट्यूबा मांडायच्या. 2020 साली त्या ट्यूबांवर पेशंटऐवजी आमच्या स्टाफची नावं आली, आणि कित्येकांना वाटलं की ही काहीतरी अगदी नवी तपासणी निघाली आहे. खरं तर हिच्यामागची युक्ती शंभर वर्षांहून जुनी होती.

तुमच्या घरात कुणाची तरी विडाल झालेली असणारच. फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरने 1896 मध्ये पॅरिसमध्ये दाखवून दिलं की टायफॉइडच्या रोग्याचं सीरम टायफॉइडच्या जंतूंवर घातलं की जंतू एकमेकांना चिकटून गोळा होतात. जंतू शोधायची गरजच नाही. शरीराने त्यांच्याविरुद्ध काय तयार केलंय ते बघायचं, एवढीच युक्ती. तिच्यावर आमच्या धंद्याची शंभर वर्षं निघाली.

मी कामाला लागले तेव्हा विडाल ट्यूबमध्येच लावायचो. सीरम पातळ करत जायचं: एकास वीस, एकास चाळीस, एकास ऐंशी, एकास एकशेसाठ. प्रत्येक ट्यूबमध्ये टायफॉइडच्या जंतूंच्या ‘ओ’ किंवा ‘एच’ अँटिजनचे थेंब टाकायचे आणि रॅक रात्रभर वॉटर बाथमध्ये ठेवायचा. सकाळी एकेक ट्यूब उचलून, मागे काळा कागद धरून, उजेडात बघायची. ‘ओ’च्या ट्यूबमध्ये तळाला कणीदार थर दिसायचा, ‘एच’च्या ट्यूबमध्ये मऊ, फुगीर गोळे. ट्यूब हलवायची ती दोन बोटांनी, हळूच. जोरात हलवली की रात्रभराचं काम मातीत. पुढे स्लाइडची विडाल आली, पाच मिनिटांत रिपोर्ट मिळू लागला आणि ही नजर गेली. स्लाइडच्या विडालने आपल्या भागात जेवढा टायफॉइड पसरवला तेवढा नळाच्या पाण्यानेही पसरवला नसेल, असं मी कँटीनमध्ये म्हणायचे आणि डॉक्टर हसायचे. पण त्यात तथ्य होतं. जिथे टायफॉइड कायमचाच मुक्कामाला, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडाफार टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, निघतोच. आजार आज आहे की मागे कधीतरी चाटून गेला, हे एका रिपोर्टवरून कळत नाही. कोरोनाच्या वर्षी नेमकं हेच सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

विडालने ही युक्ती दाखवली त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला, आणि पुढच्या वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेग होऊन गेल्या. तारीख 10 मार्च 1897. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत तिथे दवाखाना चालवत होते. प्लेगच्या छावण्यांतून आणि इस्पितळांतून पाणी देणारे, मळ उचलणारे, प्रेतं नेणारे किती जण लागण होऊन मेले आणि कितींना लागण होऊनही काही झालं नाही, याची कुठे नोंद नाही. सेवा करणाऱ्यांचं रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यात येण्याचा तो काळच नव्हता.

ते डोक्यात आलं खूप उशिरा, आणि आलं ते हेपॅटायटिस बीमुळे. सुई टोचली की हॉस्पिटलचा माणूस हादरतो. लस आली, तिचे तीन डोस आले, आणि डोसांनंतर रक्तातला टायटर बघायची पद्धत आली. तो दहाच्या वर असला की माणूस सुरक्षित धरायचा. म्हणजे स्टाफच्या अँटिबॉडी तपासायची रीत कोरोनाच्या कितीतरी आधीपासून होती. फक्त ती डॉक्टर आणि सिस्टर लोकांपुरतीच असायची.

मार्च 2020 मध्ये आपल्या शहरात पहिला पेशंट सापडला तेव्हा स्वॅब पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे (एनआयव्ही) जायचे. मग घाटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाच्या, प्रयोगशाळेत तपासणी सुरू झाली. एप्रिल-मे मध्ये नूर कॉलनी, संजयनगर, आमच्या शेजारचं भावसिंगपुऱ्याचं भीमनगर ही नावं रोज पेपरात. पडेगावचे लोक आम्हा हॉस्पिटलवाल्यांकडे जरा लांबूनच बघायचे. दूधवाला पिशवी फाटकावर अडकवून जायचा. मी त्याला दोष देत नाही.

एप्रिलमध्येच चीनहून रॅपिड अँटिबॉडी किट आले. बोटाच्या रक्ताचा थेंब टाकला की पंधरा मिनिटांत रेघ. राज्याराज्यांतून तक्रारी आल्या की एकाच पेशंटचा स्वॅब एक सांगतो आणि किट भलतंच. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आधी दोन दिवस वापर थांबवायला सांगितला आणि महिना संपायच्या आत दोन कंपन्यांचे किट परत करायला लावले. मे मध्ये एनआयव्हीने स्वतःची एलायझा चाचणी तयार केली, ‘कोविड कवच’. अडीच तासांच्या एका खेपेत 90 नमुने. आणि जूनमध्ये आयसीएमआरने म्हटलं की होऊन गेलेल्या लागणीच्या अँटिबॉडी शोधणारी ही आयजीजी चाचणी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीसाठी वापरावी. आमच्याकडे यादी करायचा हुकूम त्यानंतर आला.

यादी अशी झाली: आधी डॉक्टर, मग सिस्टर-ब्रदर, मग लॅब आणि एक्स-रे, मग ऑफिस. मावशी आणि मामा, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय, यादीत नव्हतेच, कारण ते ठेकेदाराच्या पटावर. वॉर्डातलं पॉट तेच उचलणार, कोविड वॉर्डाची पिवळी पिशवी तेच बांधून खाली नेणार, पण तपासणीच्या यादीत ‘आमचे कर्मचारी’ म्हणून त्यांचं नाव बसत नव्हतं. एलायझाची प्लेट 96 खळग्यांची. कंट्रोल जाऊन उरलेले खळगे यादीने भरेनात. रिकामे खळगे म्हणजे पैसे वाया. त्या आकड्याचा आधार घेऊन मी साहेबांना म्हटलं, सर, मावशींचंच घेते. न्यायाच्या गोष्टी सांगून जे झालं नसतं ते काटकसरीच्या हिशेबाने झालं.

स्त्री वॉर्डातली एक मावशी हात पुढे करायला तयार होईना. “बाई, माझ्यात निघालं तर घरमालक ठेवील का?” मी तिला समजावलं की यात निघालं तर ते होऊन गेलेलं, आजचं नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मे महिन्यात आठवडाभर भाजीला चवच लागत नव्हती, पण सांगितलं असतं तर रोज बुडाला असता. प्लेट लावली. शेवटचं द्रावण टाकलं की पॉझिटिव्ह खळगे आधी निळे होतात, मग आम्ल टाकून क्रिया थांबवली की पिवळेधमक. तिचा खळगा मशीनमध्ये घालायची गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांनी कळत होतं.

याच सुमाराला मुंबईत जेजे समूहाच्या रुग्णालयांत 801 कर्मचाऱ्यांच्या अँटिबॉडी तपासल्या होत्या. त्यातल्या 28 जणांचा आरटीपीसीआर सात आठवड्यांपूर्वी पॉझिटिव्ह आलेला. जूनमध्ये त्यांच्यातल्या एकाच्याही रक्तात अँटिबॉडी सापडल्या नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी पॉझिटिव्ह आलेल्यांत मात्र 90 टक्क्यांकडे होत्या आणि पाच आठवड्यांवाल्यांत 38.5 टक्क्यांकडे. सप्टेंबरमध्ये हा अभ्यास पेपरात आला आणि आमच्या स्टाफरूममध्ये खळबळ उडाली. ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता ते तोवर मास्क हनुवटीवर घेऊन हिंडायला लागले होते. रिपोर्टची चिठ्ठी म्हणजे जणू छावणी चौकीवर दाखवायचा पास. अँटिबॉडी ओसरल्या म्हणजे शरीर सगळंच विसरलं असं नाही, पेशींची आठवण वेगळी असते आणि ती या चाचणीत दिसत नाही. पण ‘मला होऊन गेलंय, आता काही होत नाही’ असं छातीठोक सांगण्याइतका तो कागद भक्कम नव्हता, एवढं त्या आकड्यांनी पक्कं केलं.

ऑगस्टमध्ये महापालिकेने शहराच्या सगळ्या 115 वॉर्डांतून नमुने घेतले. शंभरात बारा जणांकडे अँटिबॉडी निघाल्या. जुलैचं कडक लॉकडाऊन नुकतंच होऊन गेलं होतं. बारा म्हणजे कमी की जास्त यावर आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर भरपूर वाद झाले. मी म्हणायचे, बारा म्हणजे अठ्ठ्याऐंशी अजून बाकी आहेत. दुसरी लाट आली तेव्हा ते कळलं.

देशाच्या पातळीवर आरोग्य कर्मचाऱ्यांचा चांगला हिशेब मिळाला तो आयसीएमआरच्या तिसऱ्या पाहणीत, डिसेंबर 2020 ते जानेवारी 2021. देशातल्या 70 जिल्ह्यांत ती झाली. त्यात मराठवाड्याचे बीड, परभणी आणि नांदेड होते, आपला जिल्हा नव्हता. 7,171 कर्मचारी तपासले, 25.7 टक्क्यांकडे अँटिबॉडी. सामान्य प्रौढांत हाच आकडा 21.4. पण मला आत डोकावून बघण्यासारखी वाटली ती पोटविभागणी: डॉक्टर आणि सिस्टर 26.6, पॅरामेडिकल 25.4, फील्ड स्टाफ 25.3, ऑफिसवाले 24.9. पीपीई घालून आयसीयूत उभा असलेला आणि काचेमागे बसून बिलं फाडणारा, यांच्यात दोन टक्क्यांचाही फरक नाही. म्हणजे लागण फक्त पेशंटच्या खाटेवरून होत नव्हती. ती जेवणाच्या टेबलावरून, लिफ्टमधून, ड्युटी रूममधून आणि गल्लीतून, घरातूनही होत होती, असाच मी त्याचा अर्थ लावते. आम्ही खाटेपाशी सगळं अंग झाकायचो आणि डबा खाताना तोंड उघडून गप्पा मारायचो.

जून-जुलै 2021 च्या चौथ्या पाहणीत कर्मचाऱ्यांचा आकडा 85.2 टक्के झाला. तोवर त्यांतल्या दहातल्या नऊ जणांनी लसीचा निदान एक डोस घेतला होता, त्यामुळे आजाराच्या किती आणि लसीच्या किती हे वेगळं काढणं अवघड. त्यानंतर या तपासणीतला लोकांचा रस गेला. प्लेटा येणं थांबलं आणि आमच्या यादीची फाईल कपाटात गेली.

मी आता निवृत्त आहे. पडेगावातल्या आणि मिटमिट्याच्या बऱ्याच बायका शहरातल्या हॉस्पिटलांत मावशी म्हणून जातात, आणि सकाळी रिक्षाच्या रांगेत भेटल्या की मी त्यांना एकच विचारते, कावीळ ‘बी’ची लस घेतली का? बहुतेकींना विचारलेलंच कळत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम स्पष्ट सांगतात की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची आणि वर्षातून निदान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करायची. माणूस पटावरचा की ठेकेदाराचा, असा भेद त्यात नाही. हॉस्पिटल चालवणाऱ्या कुणाच्या हाती हे पान पडलं, तर आपल्याकडच्या मावशींची आणि मामांची यादी मागवा आणि नावापुढे तीन डोसांच्या तारखा आणि टायटर लिहिलेत का बघा. नसतील तर उद्या सकाळी लॅबला फोन करा.