गिरणीचे शब्द

मराठी साहित्यात गिरणी म्हटली की मुंबईच डोळ्यांपुढे येते. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ घ्या की जयंत पवारांचे ‘अधांतर’, भोंगा वाजतो तो तिथलाच. वऱ्हाडातही भोंगे होते, ही आठवण अमरावती-अकोल्याच्या आपल्या वर्गांतही क्वचितच निघते.

वास्तविक या उद्योगाची एक मुळी इथल्या काळ्या मातीत आहे. अमेरिकेतील यादवीत (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरचे लक्ष हिंदुस्थानच्या, म्हणजे वऱ्हाडच्याही, कापसाकडे वळले. परदेशी बाजारात तो ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. उमरावती या जुन्या नावाचा तो अपभ्रंश. सूत-कापडाच्या गिरण्या मागाहून आल्या. अकोल्याच्या सावतराम व मोहता गिरण्या आणि अचलपूरची विदर्भ मिल यांची नावे १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्यातील आजारी गिरण्यांच्या यादीत एकत्र भेटतात. पुढे अचलपुरात नवी यंत्रे आली, मुंबईच्या फिनले मिलचे नावही आले. २०२० च्या टाळेबंदीत तीही यंत्रे थांबली.

मुंबईत काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आखली गेली. आपल्याकडे असे काही करायचे झाले तर प्रथम काय सुचेल? बहुधा चौथऱ्यावर रंगवून ठेवलेले एखादे यंत्र. पण थांबलेला माग फार थोडे बोलतो. त्याच्याशेजारी हजेरीपत्रक हवे, पगाराची चिठ्ठी हवी. आणि त्याहून अधिक, मागावर उभ्या राहिलेल्या माणसाची भाषा हवी. ‘बदली’ हा शब्दच पाहा. आपल्या विद्यार्थ्याला त्यात सरकारी नोकराचे गाव बदलणे दिसते. गिरणीत बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर राहील या आशेने पाळीच्या वेळी दारात थांबलेला माणूस. कुणाची तरी रजा हीच त्याची त्या दिवसाची भाकर! साचा, धोटा, मुकादम या शब्दांना वऱ्हाडी बोलीत कोणते वळण मिळाले, हे सांगू शकणारे कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

गिरणगावाचा मौखिक इतिहास नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये ग्रंथरूपात आणला. आपण मात्र बोलीच्या प्रकल्पांत वर्षानुवर्षे शेतीचे आणि नात्यागोत्याचे तेच शब्द गोळा करवतो. (यात मीही आलोच.) यंदा एम.ए.च्या चार विद्यार्थ्यांना अचलपूरला धाडावे म्हणतो. ध्वनिमुद्रणाला खिशातला मोबाइल पुरेल. पहिला प्रश्न साधाच असावा: काका, पहिली पाळी किती वाजता सुरू व्हायची?