प्रकाशाचा कानोसा

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा इ. स. १८८० सालीं एका निराळ्याच खटपटींत गुंतला होता. तारेवांचून, केवळ सूर्यकिरणांच्या वाटेनें, माणसाचा आवाज दूर पोंचवावा अशी त्याची इच्छा होती. टेन्टर या सहकाऱ्याच्या साह्यानें त्यानें तसें यंत्र सिद्धही केलें व त्यास फोटोफोन असें नांव दिलें. ढग आला कीं मुकें होणारें हें यंत्र बाजारांत टिकणें कठीण होतें; बेलला मात्र तें टेलिफोनहूनही थोर वाटे.

या खटपटींतून एक अनपेक्षित गोष्ट हातीं लागली. भोंकें पाडलेल्या फिरत्या चकतीमधून तुटकतुटक ऊन एखाद्या पातळ पत्र्यावर पाडलें, तर तो पत्रा स्वतःच गुणगुणूं लागतो! चकतीची गति वाढविली कीं सूर चढतो. पुढें असेंही आढळलें कीं काळ्या पदार्थांचा आवाज मोठा, आणि काजळीचा तर फारच मोठा. कारण साधें आहे. प्रकाश गिळला कीं पदार्थ किंचित् तापून फुगतो, प्रकाश हटला कीं निवतो, आणि या फुगण्या-निवण्याचे धक्के हवेला बसतात. जो अधिक गिळतो, तो अधिक बोलतो. १८८१ सालीं टिंडल व राँटगेन यांनीं वायूंतही हा चमत्कार पाहिला. हाच राँटगेन पुढें क्ष-किरणांमुळें जगद्विख्यात झाला.

त्यानंतर मात्र हें ज्ञान दीर्घकाळ जवळजवळ अडगळींतच पडलें. सूर्याचा किरण रंगांची सरमिसळ असलेला. शुद्ध एकरंगी व प्रखर प्रकाश मिळेपर्यंत या विद्येस गति नव्हती.

तो प्रकाश पुरविणाऱ्यांत एक नांव महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचें आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी १९५८ सालीं घेऊन ते अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें गेले, आणि १९६१ पासून बेलच्याच नांवानें चालणाऱ्या प्रयोगशाळेंत काम करूं लागले. १९६४ सालीं त्यांनीं कार्बन डायॉक्साइडचा लेसर जगापुढें मांडला. पत्रे कापणारा लेसर म्हणूनच तो बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु १९७१ सालीं पटेल व क्रूझर यांनीं दुसऱ्या एका लेसरच्या प्रकाशांत हवेंतील नायट्रिक ऑक्साइडचा ध्वनि टिपला. दहा कोटी भागांत एक भाग इतका अल्प वायूही त्यांच्या यंत्रास ऐकूं येई. १९७३ सालीं तसेंच यंत्र बलूनला बांधून २८ किलोमीटर उंच पाठविण्यांत आलें. ओझोनचा नाश करणारा हा वायु तेथें सूर्योदयानंतर कसा वाढतो, हें त्यावरून समजलें. पुढें अँड्र्यू टॅम यांच्यासह पटेलांनीं पाण्याचाही कानोसा घेतला. निर्मळ पाणी प्रकाश किती थोडा गिळतें, तें त्यांनीं दाब बसतांच वीज देणाऱ्या एका चकतीनें मोजलें. सोनोग्राफीच्या यंत्रांतही हेंच तत्त्व असतें.

हवा झाली, पाणी झालें, राहिला देह. रात्रीं बॅटरीच्या तोंडावर तळहात धरून पाहावा. हात लाल उजळतो, परंतु आंतील एकही शीर स्पष्ट दिसत नाहीं. प्रकाश मांसांत शिरतो खरा, पण विखरून वाट चुकतो. ध्वनि तसा वाट चुकत नाहीं. म्हणून प्रकाश आंत धाडावा व उत्तर ध्वनीनें घ्यावें, ही युक्ति! सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागापुरता लेसर चमकतो, रक्तांतील हिमोग्लोबिन तो गिळतें, अंशाच्या सहस्रांशाइतकें तापतें, आणि त्याचा क्षीण ध्वनि कातडीवर ठेवलेला ग्राहक टिपतो. दोन रंगांचे प्रकाश वापरले तर प्राणवायुयुक्त रक्त कोठें व प्राणवायु गमावलेलें कोठें, हेंही कळतें. १९९० नंतरच्या दशकांत क्रूगर, ओराएव्स्की प्रभृतींनीं ही पद्धति देहाकडे वळविली. २००३ सालीं लिहाँग वांग यांच्या चमूनें उंदराची कवटी न उघडतां मेंदूंतील रक्तवाहिन्यांचें चित्र काढलें. मिशांना स्पर्श करतांच मेंदूचा कोणता भाग रक्तानें भरतो, तेंही त्यांत दिसलें.

कर्करोगाची गांठ आपल्यासाठीं नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते व प्राणवायु भराभर खर्च करते. म्हणून स्तनांतील गांठ निरुपद्रवी कीं घातकी, हें ठरविण्यास ही पद्धति उपयोगी पडते. सोनोग्राफीच्या जोडीनें असें काम करणाऱ्या एका यंत्रास अमेरिकेंत २०२१ सालीं शासकीय मान्यता मिळाली. सुईनें तुकडा काढण्याची वेळ जिच्यावर विनाकारण येते, तिला या बातमीचें मोल सांगावयास नको. मात्र कांहीं सेंटिमीटरांपलीकडे हा प्रकाश पोंचत नाहीं, आणि हवेनें भरलेल्या फुप्फुसांपुढें तर ध्वनीही हतबल होतो.

आणखी एक अडचण आपल्या देशास विशेष लागू आहे. बेलच्या काजळीप्रमाणें कातडींतील काळें द्रव्यही प्रकाश गिळून मोठ्यानें बोलतें. त्यामुळें सांवळ्या कातडीखालीं प्रकाश कमी पोंचतो, आणि वरच्याच गोंगाटांत आंतील रक्ताचा आवाज बुडतो. गोऱ्या कातडीवर जुळविलेलें यंत्र भंडारा जिल्ह्यांतील बपेऱ्यासारख्या गांवीं, उन्हांत राबणाऱ्या स्त्रीच्या उशाशीं नेलें, तर त्याचे आंकडे चुकतील. ही चूक गणितानें कशी वजा करावी, यावर संशोधक आतां काम करीत आहेत. आणि महागड्या लेसरऐवजीं स्वस्त प्रकाश-डायोड वापरून पाहण्याचे प्रयोगही चालू आहेत.