विलेम मेंगेलबर्ग : पन्नास वर्षांचे संचालकपद आणि सहा वर्षांची बंदी

१/८
९ नोव्हेंबर १९३९, ॲमस्टरडॅम. कॉन्सर्टखेबाऊ सभागृहात विलेम मेंगेलबर्ग गुस्टाफ माहलरची चौथी सिंफनी सादर करत होते. माहलर जन्माने ज्यू. म्हणून शेजारच्या जर्मनीत त्याचे संगीत वर्ज्य ठरले होते. सहाच महिन्यांत जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये शिरणार होते. #थ्रेड

२/८
मेंगेलबर्ग यांचा जन्म १८७१ चा, उट्रेख्त येथील. आईवडील जर्मन, संगीतशिक्षण कोलोनमध्ये. १८९५ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी ते कॉन्सर्टखेबाऊ वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक झाले. वाद्यवृंद स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती.

३/८
त्यांची शिस्त कडक आणि तालमी प्रदीर्घ. स्वरलिपीची पाने रंगीत पेन्सिलींच्या खुणांनी भरलेली असत. रिचर्ड श्ट्राउस यांनी १८९८ मधील आपली ‘वीराचे जीवन’ ही रचना त्यांना व त्यांच्या वाद्यवृंदाला अर्पण केली.

४/८
माहलर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला आले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांची चौथी सिंफनी एकाच संध्याकाळी दोनदा वाजवली गेली. नवे संगीत श्रोत्यांच्या कानी रुळावे, हा त्यामागचा हेतू. माहलरच्या संगीताला इतके आपलेपण फार थोड्या शहरांनी दिले.

५/८
१९२० मध्ये मेंगेलबर्ग यांच्या संचालकपदाला पंचवीस वर्षे झाली. तो सोहळा त्यांनी दिवंगत माहलरच्या संगीताचा महोत्सव भरवून साजरा केला. १९२२ ते १९३० या काळात न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचेही ते संचालक होते.

६/८
१० मे १९४० रोजी जर्मनीने आक्रमण केले. मेंगेलबर्ग यांनी आपले पद सोडले नाही. ते जर्मनीत कार्यक्रम करत राहिले, आक्रमकांनी नेमलेल्या सांस्कृतिक परिषदेचे सदस्यही झाले. माहलर कार्यक्रमपत्रिकेतून नाहीसा झाला. १९४१ मध्ये ज्यू वादकांना वाद्यवृंदातून काढण्यात आले. काही ज्यूंसाठी त्यांनी अधिकाऱ्यांकडे रदबदली केली, हेही खरे. मात्र राजवटीला लाभलेली त्यांच्या नावाची प्रतिष्ठा त्याने कमी झाली नाही.

७/८
युद्ध संपताच कलावंतांच्या युद्धकालीन वर्तनाची चौकशी झाली. १९४५ मध्ये मेंगेलबर्ग यांच्यावर नेदरलँड्समध्ये आजन्म संचालनबंदी आली. १९४७ मध्ये ती सहा वर्षांवर आणली गेली. राणी विल्हेल्मिना यांनी दिलेले सुवर्णपदकही परत घेण्यात आले. बंदी संपण्यास काही महिने उरले असताना, मार्च १९५१ मध्ये, स्वित्झर्लंडमधील आपल्या घरी त्यांचे निधन झाले. बंदीनंतर मायदेशातील व्यासपीठावर ते पुन्हा कधीच उभे राहिले नाहीत.

८/८
१९३९ च्या त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. प्रश्न त्यातील संगीताच्या श्रेष्ठतेचा नाही. प्रश्न वेगळा आहे : ज्या माहलरसाठी मेंगेलबर्ग चार दशके झटले, त्याचेच नाव पुसले जात असताना ते त्याच व्यासपीठावर कसे उभे राहू शकले?