खोली क्रमांक सात

अमरावती-अकोल्याकडील महाविद्यालयांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम आला की सूचनाफलकावर संघांच्या याद्या लागतात. एखाद्या वर्षी यादीतील एक नाव खोडलेले असते आणि खाली शेरा असतो : 'शिस्तभंगाच्या कारणास्तव'. याखेरीज फलक काही सांगत नाही. वर्गात संदिग्धतेची उदाहरणे शोधणाऱ्या आम्हां मराठीच्या शिक्षकांना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. शिस्त कोणती, ती मोडली कशी, तक्रार कोणाची, ती ऐकली कोणी, हे सारे एका सामासिक शब्दाच्या पोटात गडप होते. (कारणास्तव म्हणायचे आणि कारण तेवढे सांगायचे नाही, ही कार्यालयीन मराठीची खास किमया!) असो.

या शब्दाचा मागोवा घेऊ गेल्यास भारतीय खेळाच्या इतिहासात दोन प्रकरणे प्रामुख्याने समोर येतात. पहिले १९३६ सालचे. त्या उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविण्यासाठी बर्लिनच्या ऑलिंपिकला गेले होते, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. त्याच उन्हाळ्यात भारताचा क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये होता. नागपूरचे सी. के. नायडू संघात होते, परंतु कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे होते. लॉर्ड्‌सवरील एका सामन्यात लाला अमरनाथ यांना पॅड बांधून ताटकळत ठेवण्यात आले. दिवस संपता संपता फलंदाजी मिळालेल्या अमरनाथांनी परतल्यावर ड्रेसिंग रूममध्ये सामान आपटले आणि पंजाबीत चार शब्द सुनावले. पहिल्या कसोटीपूर्वीच त्यांना बोटीने मायदेशी धाडण्यात आले. आरोप अर्थातच शिस्तभंगाचा.

येथपर्यंतची गोष्ट नेहमीची आहे. पुढची तशी नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. १९३७ च्या जानेवारीत तिचा अहवाल बाहेर आला आणि त्यात खुद्द कर्णधाराच्याच कारभारावर ताशेरे होते. क्षेत्ररचना व गोलंदाजीतील बदल त्यांना कळत नव्हते, फलंदाजीचा क्रम निश्चित नव्हता, असे त्यात नमूद होते. शिक्षा खेळाडूला झाली होती आणि चौकशीची बोट वळली ती शिक्षा देणाऱ्याकडे. हे घडू शकले, कारण साक्षी झाल्या, निष्कर्ष लिहिले गेले आणि लोकांना कळले. अमरनाथ पुढे स्वतंत्र भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले.

दुसरे प्रकरण आम्हांला अधिक अस्वस्थ करते. डिसेंबर १९६१. इंग्लंडचा संघ भारतात आलेला. कानपूरच्या कसोटीत मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी एका डावात पाच बळी घेतले आणि भारताविरुद्ध इंग्लंडवर प्रथमच फॉलोऑनची वेळ आली. लगेच पुढची कसोटी दिल्लीत होती. संघाचा मुक्काम इंपीरियल हॉटेलात. खोली क्रमांक सातमध्ये गुप्ते आणि ए. जी. कृपालसिंग. कृपालसिंगांनी खोलीतून हॉटेलच्या रिसेप्शनिस्ट महिलेला दूरध्वनी करून, काम संपल्यावर मद्यपानासाठी येण्याविषयी विचारले. तिने संघाच्या व्यवस्थापकांकडे तक्रार केली. दोघेही निलंबित झाले.

गुप्ते यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, दूरध्वनी आपण केला नव्हता. त्यावर मंडळाकडून त्यांना विचारणा झाली ती अशी, की मग तुम्ही त्यास रोखले का नाही? आपल्याहून धिप्पाड माणसाला आपण कसे रोखणार, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर दोघांनाही नेले नाही. १९६४ साली कृपालसिंग पुन्हा भारताकडून खेळले. गुप्ते कधीच खेळले नाहीत. दिल्लीच्या त्या सामन्याच्या दोनच दिवस आधी त्यांनी वयाची बत्तीस वर्षे पुरी केली होती. ३६ कसोटींत १४९ बळी घेणारा, ज्याला सोबर्ससारख्याने सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर म्हटले असा हा गोलंदाज त्रिनिदादला, पत्नीच्या देशी, स्थायिक झाला आणि २००२ साली तेथेच वारला.

ही हकिकत क्रिकेटवरील पुस्तकांत व लेखांत अनेकदा येते आणि प्रत्येक वेळी ती गुप्ते यांच्यावरील अन्यायाची कथा म्हणून येते. तशी ती आहेच. पण साहित्याच्या अभ्यासकाने कथेत निवेदक कोण, हे विचारलेच पाहिजे. तक्रार करणारी ती स्त्री या कथेत केवळ 'हॉटेलची रिसेप्शनिस्ट' आहे. दूरध्वनीवर नेमके काय बोलले गेले, तिला काय वाटले, तक्रारीनंतर तिच्याशी कोण कसे वागले, यांतले काहीच कथेत येत नाही. उलट 'एका साध्या फोनवरून' असा शब्दप्रयोग सांगणाऱ्यांच्या तोंडी सहज येतो. तो साधा होता, हे ठरविले कोणी? बोमाँ अहवालासारखे काही १९६२ मध्ये लोकांपुढे आले नाही. त्यामुळे निर्दोषाला निर्दोष म्हणणारा कागद गुप्त्यांच्या हाती पडला नाही, आणि तिची बाजूही उरली नाही. झाकलेल्या चौकशीने दोघांचेही नुकसान केले.

या ठिकाणी आम्हांला आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपूर आठवते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे गावोगाव जाऊन. एकाच लीळेविषयी आठवणी भिन्न असतील तर कोणती आठवण कोणाची, हेही परंपरेने टिपून ठेवले. पुढे पंथीयांनी हे वाङ्मय सांकेतिक लिपीत बंद केले. शतकानुशतके ते बाहेरच्यांना वाचता आले नाही. विसाव्या शतकात राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केल्यावर वाट मोकळी झाली. गुप्तता होती, पण कुलपाच्या आत लेखन होते. न लिहिलेल्या साक्षीची लिपी कोणता राजवाडे उकलणार?

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आजच्या संस्था गुप्ततेच्या नावाखाली लेखनच टाळू लागल्या आहेत. अमेरिकेत विद्यापीठीय फुटबॉल (तेथील लंबगोल चेंडूचा) म्हणजे मोठी अर्थव्यवस्था. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात फुटबॉलपटूंवर विद्यार्थिनींनी केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी विद्यापीठाने कशा हाताळल्या, याची चौकशी एका विधिसंस्थेने केली. २०१६ च्या मे महिन्यात प्रशिक्षक गेले, अध्यक्षांचेही पद गेले. पण संस्थेने आपला अहवाल तोंडी दिला! विद्यापीठाने तेरा पानांचा सारांश तेवढा प्रसिद्ध केला. सविस्तर अहवाल मागणाऱ्यांना देण्यासाठी तो मुळी लिहिलेलाच नव्हता.

आपल्याकडील २०१३ चा कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करावी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यावा आणि तो संबंधित पक्षांना उपलब्ध व्हावा, असे तो सांगतो. कलम १६ तक्रारीचा तपशील व संबंधितांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. परंतु त्याच कलमात, पीडितेची ओळख उघड न करता, तिला मिळालेल्या न्यायाची माहिती देता येईल, अशी मोकळीकही आहे. महाविद्यालयांना कलमाचा पूर्वार्ध तोंडपाठ असतो.

हे लिहिताना आम्ही नामानिराळे राहू इच्छित नाही. २००९ साली आमच्यापैकी एक जण वऱ्हाडातील एका महाविद्यालयात अशाच समितीवर होता. कबड्डीच्या संघातील एक मुलगा, द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी. ती दुपारभर बोलली. आईला बरोबर आणू का, असे तिने आधी विचारले होते आणि तिला नको म्हणून सांगण्यात आले होते. मुलाचेही ऐकले. दोघांचे बोलणे संपेपर्यंत कोणीही कागदावर पेन टेकवले नाही. मुलीचे नाव निघायला नको, असे सर्वांचे म्हणणे पडले आणि ते त्या वेळी पटलेही. संध्याकाळी ठराव झाला : शिस्तभंगाच्या कारणास्तव सदर विद्यार्थ्यास संघातून वगळण्यात येत आहे. फाइलीत तेवढी एकच ओळ आहे. तिच्याखाली पाच सह्या आहेत आणि त्यांतली एक आमची.