कायदा आणि इन्साफ

आमच्या उर्दू शाळेत पहिलीच्या मुलाच्या हाती पडणारे पहिले पुस्तक म्हणजे कायदा. अलिफ, बे शिकवणारा कायदा आणि कचेरीतला कायदा, शब्द एकच. वरच्या वर्गातली मुले आम्हाला विचारतात, जुलमी राजवटीत कायदा असतो का? असतो, आणि भरपूर असतो. इस्लामपूरकरांना दाखला शोधायला लांब जायला नको.

१० सप्टेंबर १९४२ रोजी येथील मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. पंड्या आणि बारपटे शहीद झाले. त्या काळात देशभर झालेली धरपकड मात्र कागदोपत्री अगदी कायदेशीर होती. भारत संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाप्रमाणे सरकारची 'खात्री' पटली की माणूस विनाचौकशी आत. मूळ कायद्यात 'वाजवी संशय' असे शब्द होते. नियम करताना ते गाळले गेले. केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने नेमके हेच पकडले आणि २२ एप्रिल १९४३ ला तो नियम अवैध ठरवला. केवढा मोठा विजय! पण सरकारने लागलीच वटहुकूम काढून मूळ कायदाच मागच्या तारखेपासून बदलला. कोर्ट शाबूत, कायदा शाबूत, आणि कैदी तुरुंगातच.

आमच्या वाळवे तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने मग गावोगाव स्वतःची न्यायमंडळे बसवली. वकील नाही, स्टॅम्प नाही. लोकांनी ती आपली मानली. अर्थात तिथे ज्याच्या तळपायावर फटके बसले, त्याने दाद कुठे मागायची, हेही विचारायला हवे. आपले लोक म्हणून ते झाकू नये.

पुढे राज्य आपले झाले, तरी आणीबाणीत 'मिसा' वापरला गेलाच. बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात दाद मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी म्हटले. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते आणि मिर्झा हमीदुल्ला बेगही होते. विरोधात एकटे हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठ असलेल्या खन्नांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले गेले, तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला. आपल्या थोर माणसांची यादी मुलांना देताना आम्ही बेग यांचे नाव घेतो, आणि हा प्रसंगही सांगतो.

तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चुकीचा ठरवला. ते लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय होते.