आषाढी आणि बकरी ईद : एक तारीख

पालकहो, 10 जुलै 2022 आणि 29 जून 2023 या दोन्ही दिवशी आषाढी एकादशी व बकरी ईद एकत्र आल्या. पंचांगाची तिथी अमावास्येपासून मोजतात. हिजरी महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो. म्हणून चंद्राची दहावी तारीख शुद्ध एकादशीच्या आसपासच पडते! कुर्बानीला 10, 11 व 12 जिलहज असे तीन दिवस असतात. त्यामुळेच 2023 साली अनेक गावच्या मुसलमानांनी एकादशीला फक्त नमाज पढून कुर्बानी दुसऱ्या दिवशी करण्याचे ठरविले. त्याच वर्षी अधिक श्रावण आला. हिजरीत अधिक मास नाही. लगेच 2024 साली ईद 17 जूनला, तर एकादशी 17 जुलैला आली. त्या 2023 नंतर पुन्हा असा मेळ सुमारे तीस वर्षांनी बसतो. तेव्हा आमचे आजचे विद्यार्थी पालक झालेले असतील.