मंदावणाऱ्या उजेडाचे मापन

औषधातील ‘क’ जीवनसत्त्व मोजण्याच्या बहुतेक रासायनिक पद्धतींचे मूळ त्या जीवनसत्त्वाच्या एकाच गुणधर्मात आहे: अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व, स्वतःजवळील इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकते, आणि अशा पदार्थाला रसायनशास्त्रात क्षपणक म्हणतात. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये हे द्रव्य वेगळे केले तेव्हा त्यांचे लक्ष वेधले होते ते या क्षपणशक्तीनेच. स्कर्व्ही रोखणारे जीवनसत्त्व हेच, हे १९३२ मध्ये स्पष्ट झाले. औषधांच्या तपासणीत रूढ झालेले आयोडीनचे अनुमापनही याच गुणावर उभे आहे. त्यात गोळीच्या द्रावणात आयोडीन थेंबाथेंबाने सोडतात, जीवनसत्त्व संपेपर्यंत ते रंगहीन होत जाते, आणि संपताच उरलेल्या आयोडीनने द्रावणात घातलेला स्टार्च निळा पडतो; ०.०५ मोलर आयोडीनचा १ मिलिलिटर ८.८०६ मिलिग्रॅम जीवनसत्त्वाशी समतुल्य असतो. मात्र सिरप गडद रंगाचे असेल तर हा निळा क्षण डोळ्याला नीट टिपता येत नाही.

क्षपणशक्ती ही या पद्धतीची एक शाखा; दुसरी शाखा प्रकाशाची आहे. उष्णतेवाचून केवळ रासायनिक अभिक्रियेतून प्रकाश बाहेर पडणे, म्हणजे रासायनिक दीप्ती, हे नाव आइलहार्ट वीडेमान यांनी १८८८ मध्ये रूढ केले, आणि १९२८ मध्येच एच. ओ. आल्ब्रेख्ट यांनी पुढे ल्युमिनॉल म्हणून ओळखल्या गेलेल्या संयुगाच्या दीप्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे ल्युमिनॉलचे ऑक्सिडीकरण होते आणि सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश मिळतो. पण उत्प्रेरकाशिवाय तो फार क्षीण असतो. या उणिवेवर उपाय म्हणून नॅनोकण, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागांत मोजले जाणारे कण, पुढे आले. २००५ मध्ये चीनमधील हुआ त्स्वी व सहकाऱ्यांनी सोन्याचे नॅनोकण हा प्रकाश वाढवतात असे दाखवले; त्यांच्या प्रयोगांत ३८ नॅनोमीटर व्यासाचे कण सर्वांत प्रभावी ठरले.

येथे दोन्ही शाखा जुळतात. सोन्याच्या पृष्ठभागावर पेरॉक्साइडपासून अतिक्रियाशील मूलके तयार होतात व ल्युमिनॉलला उजळवतात. त्या मिश्रणात ‘क’ जीवनसत्त्व आले की ते मूलकांना आपले इलेक्ट्रॉन देऊन निष्प्रभ करते आणि उजेड मंदावतो. गोळी कुटून, पाण्यात विरघळवून, गाळून अनेक पट विरल केलेल्या द्रावणाचा अल्प अंश बारीक नळीतील वाहत्या अभिकारकांत सोडतात, आणि अंधाऱ्या कोठडीतील प्रकाशगुणक नळी, म्हणजे क्षीण प्रकाशाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करून तो वाढवणारे उपकरण, ही घट नोंदवते. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांनी झालेल्या घटीशी ती ताडून मात्रा ठरते. ल्युसिजेनिनसारख्या दुसऱ्या अभिकारकाबरोबर हेच जीवनसत्त्व उलट प्रकाश निर्माण करते, म्हणून तेथे वाढ मोजतात.

संवेदनशीलता हे या पद्धतीचे खरे बळ आहे, निवडकता नव्हे: मूलके शोषणारा कोणताही अन्य घटक उजेड तसाच मंदावतो, त्यामुळे बहुजीवनसत्त्वी औषधात त्या घटकांचा परिणाम आधी तपासावाच लागतो. अल्प नमुन्यासाठी ती मोलाची आहे; साध्या गोळीसाठी मात्र आयोडीनचे अनुमापन आजही पुरेसे आहे.